सतरा नंबरची गाडी

सरांचा कोट नऊ वर्षं शिंप्याकडे पडून होता, आणि त्यात शिंप्याचा काही दोष नव्हता.

डॉक्टरेटसाठी नाव नोंदवलं त्याच संध्याकाळी सर पदवीदानाच्या कोटाचं कापड घेऊन शिंपीदादांकडे गेले. दादांनी माप घेतलं, कानामागची निळी खडू-वडी काढून वहीत टिपलं आणि विचारलं, "कधी हवाय?"

"दोन-तीन वर्षांत," सर म्हणाले.

दादांनी मापाचं पान मिटलं आणि कापड वरच्या फळीवर ठेवलं. तेव्हापासून दरवर्षी एकदा ते सरांच्या कमरेकडे नजर टाकत आणि म्हणत, "बरं झालं, कापलं नाही."

हे दुकान म्हणजे वसाहतीतली जुनी पंपाची खोली. चार इमारती, मध्ये चौकोनी अंगण आणि अंगणाच्या बरोबर मधोमध ही खोली. तिला चारी बाजूंनी खिडक्या. कुठूनही कुठेही जायचं तर शिंपीदादांच्या मशीनवरून जावं लागे. पण ही गोष्ट सरांच्या कधी लक्षात आली नाही. जे रोज दिसतं ते लक्षात न येणं हाच विद्वत्तेचा पहिला टप्पा असतो.

सरांचा विषय होता 'चालत्या वाहनांच्या बिनतारी जाळ्यातील संदेशवहन पद्धतींचा तौलनिक अभ्यास'. नावाला भिऊ नये. समजा, रस्त्यावर पुढे झाड पडलंय. पुढच्या गाडीने मागच्या गाडीला सांगितलं, तिने तिच्या मागच्या गाडीला, असं करत करत दोन मैल मागच्या गाडीला कळलं आणि ती दुसऱ्या रस्त्याने वळली. मध्ये टॉवर नाही, तार नाही, नुसत्या गाड्या, त्याही पळत्या. आता निरोप कुणी कुणाला द्यायचा, याचे काही नियम हवेत. असे तीन प्रकारचे नियम सरांनी घेतले होते. पहिला वहीचा: कोण कुठे आहे हे प्रत्येकाने सतत वहीत लिहून ठेवायचं. दुसरा हाकेचा: वही ठेवायची नाही, काम पडेल तेव्हा ओरडून विचारायचं. तिसरा दिशेचा: ज्याला निरोप द्यायचा त्याच्या जास्तीत जास्त जवळ जो असेल त्याच्या हातात चिठ्ठी द्यायची आणि मोकळं व्हायचं. या तिघांत चांगला कोण, एवढंच ठरवायचं होतं. एवढं ठरवायला नऊ वर्षं का लागावीत, असा प्रश्न सरांची बायको विचारत असे. ती शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिला सगळी उत्तरं पाठीमागच्या पानावर सापडायची सवय होती.

ही तुलना संगणकात होत असे. विभागाची एक फाइल होती. घराण्यात जसा एखादा चांदीचा पेला पिढ्यान्‌पिढ्या चालत यावा तशी ती आली होती. मूळ फाइल विभागप्रमुखांनी एकोणीस वर्षांपूर्वी स्वतःच्या प्रबंधासाठी केली होती. तिच्यात पंचवीस गाड्या होत्या. पुढच्याने त्या पन्नास केल्या आणि डॉक्टर झाला. त्याच्या पुढचीने पन्नासच ठेवल्या, पण वेग वाढवला आणि तीही डॉक्टर झाली. एकाने तर आलेखातल्या रेघा लाल केल्या होत्या. असे चौदा प्रबंध त्या फाइलमधून बाहेर पडले होते. आकडे बाहेरच्या रकान्यात बदलायचे; फाइल आतून कुणी उघडली नव्हती. घरातला पेला कुणी उलटा करून बुडाशी बघत नाही. सरांनी गाड्या शंभर केल्या होत्या आणि या धाडसाबद्दल त्यांच्या मनात स्वतःविषयी थोडा आदर होता.

अंतिम सादरीकरणाला सर जुन्याच कोटात उभे राहिले. बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. पडद्यावर तीन रेघा. वहीची पद्धत: शंभरातले शहाण्णव निरोप पोचले. हाकेची: सत्त्याण्णव. दिशेची: पंच्याण्णव. सरांनी निष्कर्ष वाचला, "तिन्ही पद्धती चांगल्या असून आपापल्या जागी उपयुक्त आहेत."

विभागप्रमुखांनी मान डोलावली. ते सरांचे मार्गदर्शकही होते. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई मात्र चष्मा पुसत होत्या. त्यांनी तो डोळ्यावर चढवला आणि विचारलं, "या गाड्या कुठल्या रस्त्याने जातात?"

"रस्ता नाही, मॅडम. हजार मीटर लांब, हजार मीटर रुंद मैदान आहे. गाड्या स्वैर फिरतात."

"स्वैर म्हणजे?"

"म्हणजे... मनाला येईल तशा."

"मधे घरं?"

"घरं नाहीत."

"म्हणजे शंभर गाड्या एका रिकाम्या मैदानात मनाला येईल तशा फिरतायत. चालक शुद्धीवर आहेत ना?"

मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. सरांच्या बाह्या आणखी एक बोट वर गेल्या.

"तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी," बाई अगदी मृदूपणे म्हणाल्या, "एक तरी निरोप असा हलत्या माणसाकडून हलत्या माणसाकडे जाताना पाहिलाय का हो?"

नऊ वर्षांत सरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सरांनी प्रमुखांकडे पाहिलं. प्रमुख छताकडे बघत होते. ठराव झाला: सुधारणेसाठी दोन महिने. त्यानंतर नोंदणीची मुदत संपणार होती. मुदत संपली की नऊ वर्षं, शंभर गाड्या आणि फळीवरचं कापड सगळंच रद्द.

"सोप्पं आहे," प्रमुख बाहेर आल्यावर म्हणाले. "दोन रस्ते काढा, चार चौकोनी घरं टाका. चालतेय ना फाइल? मग हात लावू नका."

पण सरांना ते 'डोळ्यांनी पाहिलंय का' विचारणं फार लागलं होतं. शांत माणसाचा अपमान झाला की तो भांडत नाही. तो प्रयोग करतो. सरांनी खऱ्या गाड्या आणि खरी यंत्रं घेऊन खऱ्या रस्त्यावर चाचणी घ्यायचं ठरवलं.

यंत्रं विभागाच्या कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्या नावावर होती ते निवृत्त झाले होते आणि किल्ली सुपूर्द केल्याची नोंद असलेली वही सुरक्षित ठिकाणी होती, म्हणजे त्याच कपाटात.

रस्त्यासाठी वाहतूक कार्यालयाची परवानगी हवी होती. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. "मिरवणूक, मोर्चा, शर्यत, की चित्रीकरण?"

"तुलना," सर म्हणाले.

कारकुनाने अर्ज उलटून पाहिला. "तुलनेचा रकाना नाही."

"वीस वाहनं रस्त्यावर फिरतील आणि एकमेकांना निरोप देतील. त्यातून कुठली पद्धत पुढे, कुठली मागे—"

"पुढे-मागे आलं ना? मग शर्यत. शर्यतीला रुग्णवाहिका लागते, दोन डॉक्टर लागतात."

"मीच डॉक्टर होण्यासाठी हे करतोय."

"मग अजून झाला नाहीत," कारकून म्हणाला. "पुढचे या."

घरी येऊन सरांनी हे सगळं सांगितलं तेव्हा बायको वह्या तपासत होती. "अहो, मग माणसंच घ्या ना. निरोपाच्या चिठ्ठ्या करा. आपलं अंगण आहे, रविवार आहे. आणि या वसाहतीत निरोप पोचवायला माणसं शिकवावी लागतील असं वाटत नाही मला."

ती टोमणा मारत होती. सरांना त्यात पद्धतशास्त्र दिसलं.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले टपालकाका जिन्यातच भेटले. "तुमची ती दिशेची पद्धत ना, ती आम्ही छत्तीस वर्षं वापरली. पत्र जवळ जवळ नेत राहायचं."

"मग पोचायची का पत्रं?"

"जवळ पोचायची," काका अभिमानाने म्हणाले.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वहीची पद्धत सगळ्यात चांगली असा निकाल प्रयोगाआधीच देऊन टाकला. "कोण कुठे आहे हे माहीत असायलाच हवं हो. मला विचारा ना, आत्ता चार नंबरवाले कुठे आहेत? दाताच्या डॉक्टरकडे. पण सांगून गेलेत ऑफिसला."

वसाहतीच्या सेक्रेटरींनी मात्र बोट पाटीकडे केलं. 'अंगणात खेळण्यास सक्त मनाई'.

"हे खेळणं नाही. संशोधन आहे," सर म्हणाले.

"मग संशोधनाला मनाईची वेगळी पाटी करावी लागेल. नाहीतर उद्या सगळेच करायला लागतील." त्यांनी सरांच्या हातातल्या यादीकडे पाहिलं. "यात नंबर असतात म्हणे प्रत्येकाला?"

"हो. एक ते वीस."

"एक नंबर कुणाला दिलाय?"

सर साधे होते, पण इतकेही नव्हते. परवानगी मिळाली.

रविवारी सकाळी वीस माणसं छातीवर आकडे टाचून उभी राहिली. आकडे शिंपीदादांनी उरलेल्या अस्तरावर शिवून दिले होते. स्वतः दादांना नंबर नव्हता. त्यांच्याकडे दोन पडदे आणि एक शेरवानीइतका लांब झगा अडकलेला होता, त्यामुळे त्यांनी मशीनवरून उठायला नकार दिला होता. वाहनांत सहा सायकली, दोन स्कूटर, एक बाबागाडी, एक वाणसामानाची चाकांची पिशवी आणि उरलेले पायी. काकूंना डॉक्टरांनी रोज बारा फेऱ्या सांगितल्या होत्या, त्या त्यांनी शास्त्राच्या नावावर टाकल्या.

सर खुर्चीवर उभे राहून म्हणाले, "नियम नीट ऐका. सतत फिरत राहायचं. थांबायचं नाही. दोन हातांच्या अंतरात जो येईल त्याच्याशीच बोलायचं. चिठ्ठीवर फक्त आकडा असेल. तो आकडा ज्याच्या छातीवर आहे त्याच्याकडे ती पोचली पाहिजे. तीन फेऱ्या, प्रत्येकीत दहा चिठ्ठ्या. शंका?"

"ढकललं तर फाऊल धरणार का?" सायकलवरच्या दहा नंबरने विचारलं.

पहिली फेरी वहीची. प्रत्येकाला वही आणि पेन्सिल. समोर कोण दिसतं, ते कुणाजवळ आहे, सतत लिहायचं. पाच मिनिटांत असं झालं की सगळे लिहीतच होते. एक लिहून होईपर्यंत तो माणूस दुसरीकडे गेलेला असायचा, मग खोडायचं आणि पुन्हा लिहायचं. सायकलवाला लिहिता लिहिता बाबागाडीवर आदळला आणि बाळाऐवजी बाळाचे आजोबा रडायच्या बेतात आले. वहीची नक्कल जवळच्याला द्यायची असा नियम होता, त्यामुळे लोक एकमेकांच्या वह्या उतरवून घ्यायला लागले. चिठ्ठ्यांकडे बघायला कुणाला वेळच नव्हता. काकूंची वही सरांनी नंतर पाहिली. तिच्यात जागेची नोंद नव्हती. 'नऊ नंबर पुन्हा चौदा नंबरशी बोलत थांबली. तिसऱ्यांदा.' एवढंच, पण मिनिटवार.

दुसरी फेरी हाकेची. वह्या बंद. गरज पडेल तेव्हा विचारायचं आणि ज्याला माहीत नाही त्याने तो प्रश्न पुढे विचारायचा. पाच नंबरने विचारलं, "आठ नंबर कुठेत?" ते दोघांनी ऐकलं, त्या दोघांनी चौघांना विचारलं, चौघांनी आठांना. अर्ध्या मिनिटात वीस माणसं "आठ नंबर कुठेत?" असं ओरडत गोल फिरत होती. त्यात खुद्द आठ नंबरही होते, कारण त्यांना स्वतःच्या छातीवरचा आकडा वरून उलटा दिसत होता. गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली. कुणी म्हणालं, आठ नंबर हरवलेत. कुणी म्हणालं, हरवले नाहीत, घर सोडून गेलेत. शेजारच्या वसाहतीतून दोन माणसं शोधाशोधीला मदत करायला बॅटरी घेऊन आली, भर सकाळी. सेक्रेटरींनी पोलिसांना फोन केला होता की नव्हता, यावर अजून एकमत नाही.

तिसरी फेरी दिशेची. सगळे दमले होते, त्यामुळे शांतता होती. शेवटच्या चिठ्ठीच्या वेळी सरांना टपालकाका पूर्वेच्या भिंतीला नाक लावून उभे दिसले. हातात चिठ्ठी.

"काका, फिरत राहायचंय!"

"वीस नंबर भिंतीच्या पलीकडे गेलेत, मागच्या गल्लीत. त्यांच्या सगळ्यात जवळ कोण आहे? मीच. मग मी ही देऊ कुणाला? माझ्याहून जवळ कुणीच नाही."

"मागे फिरून फाटकातून जा की!"

"मागे फिरलो तर लांब जाईन. नियमात बसत नाही." आणि छत्तीस वर्षांची नोकरी केलेला तो माणूस वीस मिनिटं भिंतीशी उभा राहिला.

सर खचले होते. पण नंतर मोजदाद केली आणि ते उडालेच. तीस चिठ्ठ्यांपैकी तीसच्या तीस पोचल्या होत्या. टपालकाकांचीसुद्धा! वहीची पद्धत दहा, हाकेची दहा, दिशेची दहा. एवढा गोंधळ होऊनही शंभर टक्के. संगणक खोटं बोलत नव्हता. "डोळ्यांनी पाहिलंय, मॅडम," सर जिन्यात मोठ्याने म्हणाले आणि खालून येणाऱ्या काकूंनी त्याची नोंद घेतली.

संध्याकाळी चिठ्ठ्या कागदावर चिकटवताना बायकोने एक उजेडाकडे धरली. "अहो, हे निळं काय आहे?"

प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात एक निळा अंगठा उमटला होता. तीस चिठ्ठ्या, तीस अंगठे. सरांनी तो रंग ओळखला. त्या रंगाची एक रेघ नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या खांद्यावरही पडली होती.

शिंपीदादा दिवा लावून झग्याला काज करत होते. "हो, माझ्याकडेच आणून टाकत होते," ते मान वर न करता म्हणाले. "पाच नंबरने खिडकीतून टाकली, आठ नंबर दिसले की त्यांच्या हातात दिली. टपालकाकांनी तर सायकलवाल्याबरोबर पाठवली आणि ओरडून म्हणाले, दादा, तेवढी वीसकडे पोचवा, मला नियमामुळे हलता येत नाही. वीस फाटकातून आत आले की दिली."

"पण दादा, तुम्हाला नंबरच नव्हता! तुम्ही प्रयोगात नव्हता!"

"नव्हतोच. मी कामात होतो."

"मग तुमच्याकडे का दिल्या सगळ्यांनी?"

दादांनी दोरा दातांनी तोडला. "सर, तुम्ही सगळे हलता. मी हलत नाही. चारी बाजूंनी दिसतो. मग माणूस कुणाकडे ठेवणार?"

सर वर आले आणि कोचावर बसले. नऊ वर्षं अभ्यासलेल्या तीन पद्धती एका माणसाने काजं करता करता निकालात काढल्या होत्या, आणि त्याला ते कळलंही नव्हतं. अपमान करणाऱ्याला निदान कळावा तरी!

बायकोने चिठ्ठ्यांचा कागद बाजूला ठेवला. मग तिने वर्गात शेवटच्या बाकाला विचारतात तशा आवाजात विचारलं, "तुमच्या त्या फाइलमध्ये कुणी शिंपी नाही ना?"

"काहीतरीच काय! तिथे शंभर गाड्या आहेत."

"शंभरही हलतात?"

हा दुसरा प्रश्न, जो कुणी विचारला नव्हता. सरांनी फाइल उघडली, पहिल्यांदाच, आतून. गाड्यांची यादी होती. एक नंबर, वेग बारा. दोन नंबर, वेग नऊ. सर बोट लावून खाली जात राहिले आणि सतरा नंबरवर बोट थांबलं.

वेग शून्य. जागा: मैदानाच्या मधोमध. हाकेचा पल्ला: सगळ्यांचा दोनशे मीटर, हिचा मैदानभर. आणि शेजारी टिपण: 'चाचणीपुरतं. नंतर काढणे.' खाली प्रमुखांची आद्याक्षरं आणि एकोणीस वर्षांपूर्वीची तारीख.

सरांनी सतरा नंबरला इतरांसारखा वेग दिला, इतरांइतकाच आवाज दिला, सुचवलेले रस्ते आणि घरं टाकली आणि फाइल चालवली. वहीची पद्धत: एकतीस. हाकेची: चोवीस. दिशेची: अठरा, बाकीचे सगळे कुठल्या ना कुठल्या भिंतीला नाक लावून उभे. सर त्या आकड्यांकडे बघत राहिले. चौदा प्रबंधांत पहिल्यांदाच तुलना करण्यासारखं काहीतरी समोर होतं. आणि त्याच क्षणी हेही कळत होतं की हे आकडे दाखवले तर चौदा डॉक्टर, एक विभागप्रमुख आणि होऊ घातलेले पंधरावे डॉक्टर असे सगळे एकाच खड्ड्यात जातात.

प्रमुखांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

"सतरा नंबर," ते जुन्या मित्राची आठवण निघाल्यासारखे म्हणाले. "तेव्हा काही चालत नव्हतं हो. मुदत उद्यावर आली होती. म्हटलं, एक ठेवू मधे, नंतर काढू."

"मग काढलं का नाही?"

"चालायला लागलं ना! चालणारं कोण काढतं?" त्यांनी एक कागद पुढे केला. सुधारणा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, खाली सरांच्या सहीची जागा. "रस्ते टाकलेत, घरं टाकलीत, बाई खूश. सतराला मात्र हलवू नका. तुम्ही नाही हलवलंत तर कुणालाच हलावं लागणार नाही. सरळ विचार करा, तेहतीस दिवस उरलेत."

सर कागद घेऊन घरी आले. सही करायची म्हणजे दोन अक्षरं. बायकोने कागद वाचला आणि परत दिला.

"करा सही. कोट होईल शेवटी," ती म्हणाली. "फक्त तो घालून दादांच्या खिडकीवरून जायचं कसं, तेवढं बघून ठेवा. चार खिडक्या आहेत."

दुसऱ्या सादरीकरणाला सर त्याच आखूड कोटात गेले. सही केलेली नव्हती. पडद्यावर पहिल्यांदा जुन्या तीन रेघा, वर. मग नव्या तीन रेघा, खाली आणि एकमेकींपासून लांब. मग तीस चिठ्ठ्यांचा फोटो, प्रत्येकीवर निळा अंगठा. सरांनी शिंपीदादांपासून सतरा नंबरपर्यंत सगळं सांगितलं, वर्गात सांगतात तसं, सावकाश. 'नंतर काढणे' हे टिपणही दाखवलं. आद्याक्षरांवर मात्र बोट ठेवलं. पडद्यावरची अक्षरं बोटाने झाकली जात नाहीत, बोटावर उमटतात, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

सभागृहात काही डॉक्टर बसले होते. ते बुटांच्या नाड्या बांधायला वाकले.

तेवढ्यात प्रमुख उठले. "हेच तर मी म्हणत होतो!" ते म्हणाले. सरांनी चमकून पाहिलं. "रस्त्याच्या कडेला एक स्थिर केंद्र हवं, जे हलत्या वाहनांना जोडेल. ही कल्पना आमच्या विभागाने एकोणीस वर्षांपूर्वी मांडली!"

"'नंतर काढणे' अशी मांडली होती का?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"त्या काळी प्रसिद्धीची हौस नव्हती," प्रमुख नम्रपणे म्हणाले आणि बसले.

बाईंनी सरांना दोन तास प्रश्न विचारले. कुठली पद्धत कधी पडते, भिंत आली की काय होतं, गर्दी वाढली की हाकांचा गोंधळ कसा वाढतो. सरांनी प्रत्येक उत्तर दिलं, कारण प्रत्येक उत्तर त्यांनी अंगणात धावताना पाहिलं होतं. शेवटी बाईंनी चष्मा काढला. "तुमच्या विभागाचे चार प्रबंध मी याआधी वाचलेत. सगळ्यांत सगळेच जिंकतात. या प्रबंधात पहिल्यांदाच कुणीतरी हरलंय. मला बरं वाटलं."

ते 'बरं वाटलं' म्हणजे पास की नापास, हे पत्राने कळणार होतं.

पत्र आलं नाही. मुदतीला तीन आठवडे, मग दोन, मग एक. विद्यापीठात प्रत्येक टेबलावर वही होती आणि प्रत्येक वहीत पत्र पुढे गेल्याची नोंद होती. सरांनी एका टेबलावर विचारलं, त्याने दुसऱ्याला विचारलं, दुसऱ्याने चौघांना. दुसऱ्या दिवशी तिथले सगळेच एकमेकांना विचारत होते की कुणाचं पत्र. कुणीतरी सांगितलं, तुमच्या भागातल्या सगळ्यात जवळच्या महाविद्यालयात पाठवलंय. तिथे सर शिकवत नव्हते. त्या लोकांना ते मान्य होतं, पण त्यांच्याहून जवळ कुणी नसल्याने त्यांनी पत्र ठेवून घेतलं होतं. आणि मग ते तिथेही नव्हतं.

मुदत संपायला दोन दिवस असताना सर संध्याकाळी मान खाली घालून अंगणातून चालले होते.

"सर," खिडकीतून आवाज आला. "तुमचं काहीतरी आलंय."

जाड पाकीट होतं, विद्यापीठाच्या शिक्क्याचं. कोपऱ्यात निळा अंगठा.

"कुणी आणलं हे?"

"काय माहीत. जाता जाता कुणीतरी ठेवून गेलं."

सरांनी उभ्या उभ्या पाकीट फोडलं, पत्र वाचलं, पुन्हा वाचलं आणि ग्राहकांच्या स्टुलावर बसले. मशीन थांबलं.

"काय लिहिलंय?" दादांनी विचारलं.

"झालं. पदवी मिळाली." सरांनी पत्र दादांपुढे धरलं. "एकच अट आहे. पान चौऱ्याण्णववर 'शिंपी' असा शब्द आलाय, तो शास्त्रीय नाही. तिथे 'स्थिर केंद्र' लिहायचं. म्हणजे तुम्हाला काढायला सांगितलंय, दादा."

दादा उठले. नऊ वर्षांत सरांनी त्यांना पहिल्यांदाच मशीनवरून उठताना पाहिलं. त्यांनी वरच्या फळीवरचं कापड खाली घेतलं, धूळ झटकली, गळ्यातली टेप काढली आणि कानामागची खडू-वडी हातात घेतली.

"नंतर काढा," ते म्हणाले. "आधी उभे राहा. आणि आता हलू नका."